रुनासिमी : क्वेचुआ भाषेचा गौरव आणि तिच्या भाषकांची उपेक्षा

प्रश्नाचे स्वरूप

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर पसरलेल्या अँडीज पर्वतात, कोलंबियाच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनाच्या वायव्य प्रांतांपर्यंत, जी भाषा बोलली जाते तिला जग 'क्वेचुआ' म्हणते. तिचे भाषक मात्र तिला बहुतेक ठिकाणी 'रुनासिमी' म्हणतात. 'रुना' म्हणजे माणूस आणि 'सिमी' म्हणजे तोंड, व त्यावरून बोल किंवा भाषा. तेव्हा रुनासिमी ही माणसांची भाषा होय. 'क्वेचुआ' हा शब्द मुळात भाषेचे नाव नव्हता. अँडीजमधील मध्यम उंचीच्या, समशीतोष्ण हवामानाच्या आणि मका पिकणाऱ्या खोऱ्यांना हे नाव होते, आणि सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मोपदेशकांच्या लेखनातून ते हळूहळू भाषेला चिकटले.

या भाषेचे सुमारे 80 लाख भाषक आज पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोर या तीन देशांत प्रामुख्याने, तर कोलंबिया, अर्जेंटिना व चिली येथे तुरळक प्रमाणात राहतात. युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून अमेरिका खंडात बोलल्या जाणाऱ्या भाषाकुलांपैकी एवढी मोठी भाषकसंख्या दुसऱ्या कोणत्याही कुलाला लाभलेली नाही. तिचे पहिले मुद्रित व्याकरण 1560 मध्ये प्रसिद्ध झाले, विद्यापीठात तिचे अध्यासन सोळाव्या शतकातच सुरू झाले आणि तीन देशांच्या राज्यघटनांत तिला आज स्थान आहे. असे असूनही बहुसंख्य भाषातज्ज्ञ तिच्या बहुतेक बोलींची गणना धोक्यातील भाषांत करतात. भाषकसंख्या, ग्रंथपरंपरा आणि कायदा या तिन्ही गोष्टी पाठीशी असताना एखादी भाषा का खचते, हा क्वेचुआच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. पाच शतकांचा इतिहास एकत्र पाहिला असता त्याचे उत्तर असे दिसते की, या भाषेला वेळोवेळी मान मिळाला, परंतु तो मान ती बोलणाऱ्या माणसांपर्यंत क्वचितच पोहोचू दिला गेला.

एक भाषा की भाषाकुल?

क्वेचुआ ही एकच भाषा आहे, असे तिचे भाषक आणि शासनेही अनेकदा मानतात; परंतु मध्य पेरूतील आन्काश येथील शेतकरी आणि बोलिव्हियातील कोचाबांबा येथील शेतकरी आपापल्या बोलीत बोलू लागले, तर त्यांना एकमेकांचे बोलणे सहजी उमगत नाही. आंतरराष्ट्रीय भाषासूचींमध्ये या कुलातील चाळीसहून अधिक भाषा स्वतंत्रपणे नोंदल्या जातात. 1963 आणि 1964 मध्ये अनुक्रमे गॅरी पार्कर आणि पेरूचे भाषाशास्त्रज्ञ आल्फ्रेदो तोरेरो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या बोलींचे दोन मोठ्या शाखांत वर्गीकरण केले. पहिली शाखा मध्य पेरूच्या डोंगराळ प्रदेशात एकवटलेली असून तिच्यातील बोलींमध्ये आपसांत फार अंतर पडलेले आहे. दुसरी शाखा त्या प्रदेशाच्या उत्तरेस आणि दक्षिणेस दूरवर पसरलेली असून कुस्को, आयाकुचो, बोलिव्हिया आणि इक्वेडोर येथील बोली तिच्यात मोडतात. इक्वेडोरमध्ये या भाषेला 'किच्वा' म्हणतात.

या वर्गीकरणातून एक जुनी समजूत मोडीत निघाली. क्वेचुआ ही इंकांची भाषा, तिचा जन्म इंकांची राजधानी कुस्को येथे झाला आणि इंकांच्या सैन्याबरोबर ती सर्वत्र गेली, असे शतकानुशतके सांगितले जात होते. परंतु जिथे एखाद्या भाषाकुलातील भेद सर्वांत खोल असतात तिथे त्या कुलाची वस्ती सर्वांत जुनी असण्याचा संभव अधिक, हे भाषाशास्त्रातील सर्वमान्य तत्त्व येथे लावले, तर क्वेचुआचे मूळ कुस्कोमध्ये न सापडता मध्य पेरूमध्ये सापडते. तोरेरो यांच्या मते ही भाषा मध्य पेरूच्या किनारी व डोंगराळ भागातून पसरली आणि इंकांचा उदय होण्यापूर्वी कित्येक शतके तिचा विस्तार सुरू झालेला होता. रोदोल्फो सेरॉन-पालोमिनो यांनी तर असे प्रतिपादन केले आहे की, इंका राजघराण्याची मूळ भाषा आज लुप्त झालेली पुकिना ही होती, पुढे त्यांनी आयमारा स्वीकारली आणि क्वेचुआ हा त्यांचा सर्वांत शेवटचा अंगीकार होता. आयमारा ही टिटिकाका सरोवराच्या परिसरातील दुसरी मोठी भाषा असून तिच्याशी क्वेचुआचे शब्द आणि रचना यांबाबत मोठे साम्य आहे. ते साम्य समान पूर्वज भाषेमुळे आले की दीर्घ शेजारामुळे, हा वाद पूर्णपणे मिटलेला नसला तरी बहुतेक अभ्यासकांचा कल आज शेजाराच्या बाजूने आहे.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. क्वेचुआला 'इंकांची भाषा' म्हटले की कुस्कोची बोली शुद्ध आणि मध्य पेरूतील आन्काश किंवा उआन्कायोची बोली अशुद्ध ठरते, आणि ज्यांच्या बोलीत या कुलाचा सर्वांत प्राचीन इतिहास दडलेला आहे त्यांनाच आपली बोली बिघडलेली वाटू लागते.

भाषेची घडण

क्वेचुआची रचना प्रत्ययप्रधान आहे. मूळ शब्दाला एकामागून एक प्रत्यय जोडून अर्थ वाढवत नेला जातो आणि हे करताना मूळ शब्दाचे रूप सहसा बदलत नाही. 'वासि' म्हणजे घर, 'वासिय' म्हणजे माझे घर, 'वासियकुना' म्हणजे माझी घरे आणि 'वासियकुनापी' म्हणजे माझ्या घरांमध्ये. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद असा क्रम साधारणपणे येतो, तो मराठी वाचकाला परका वाटणार नाही. व्याकरणात लिंगभेद नाही; तो आणि ती या दोहोंसाठी 'पाय' हे एकच सर्वनाम पुरते. नात्यांची नावे मात्र बोलणाऱ्याच्या लिंगावरून बदलतात, म्हणजे पुरुष आपल्या भावाला 'वावकी' म्हणतो तर स्त्री आपल्या भावाला 'तुरा' म्हणते. पुरुषाची बहीण ती 'पाना' आणि स्त्रीची बहीण ती 'न्यान्या'.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत जो भेद आहे, तोच भेद क्वेचुआतही आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' म्हणजे 'न्युकान्चिक', आणि त्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' म्हणजे 'न्युकायकु'. स्पॅनिश भाषेत हा भेद नसल्यामुळे आरंभीच्या ख्रिस्ती भाषांतरकारांपुढे देवाला उद्देशून बोलताना कोणते सर्वनाम वापरावे, हा खरा पेच उभा राहिला. देवाला 'आपण' मध्ये घेतले तर तोही पापी ठरण्याचा धोका होता.

या भाषेचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे सांगितलेल्या गोष्टीचे ज्ञान सांगणाऱ्याला कसे झाले, हे व्याकरणातूनच दाखवण्याची सोय. स्वतः पाहिलेल्या किंवा खात्रीने ठाऊक असलेल्या गोष्टीला '-मि', दुसऱ्याकडून ऐकलेल्या गोष्टीला '-सि' आणि केवळ अंदाज असलेल्या गोष्टीला '-चा' असे प्रत्यय लागतात. मराठीत 'नदीला पूर आला म्हणे' या वाक्यातील 'म्हणे' ऐकीव माहितीची खूण सांगते, परंतु ती वापरणे बोलणाऱ्याच्या मर्जीवर असते. क्वेचुआत मात्र साक्ष, ऐकीव आणि अंदाज यांची ही वाटणी नेहमीच्या बोलण्यात जागोजागी होत राहते. काळाची कल्पनाही मराठीच्या उलट आहे. मराठीत गेलेले दिवस मागे असतात आणि येणारे पुढे, तर क्वेचुआत 'न्यावपा' या शब्दाचा अर्थ समोरचा आणि पूर्वीचा असा दुहेरी आहे, आणि 'क्हिपा' म्हणजे पाठीमागचा व नंतर येणारा. घडून गेलेले डोळ्यांसमोर दिसते आणि घडायचे ते पाठीमागे अदृश्य असते, असा त्यातला विचार.

ध्वनींच्या बाबतीत कुस्को आणि बोलिव्हियातील बोलींत स्पर्शवर्णांच्या तीन मालिका आढळतात. साधा 'त' आणि महाप्राण 'थ' मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. तिसरा वर्ण स्वरयंत्राचे दार क्षणभर बंद करून हवा झटक्याने सोडताना उमटतो. केवळ या फरकामुळे 'तान्ता' म्हणजे जमाव, 'थान्ता' म्हणजे जीर्ण आणि तिसऱ्या प्रकारच्या 'त'ने सुरू होणारा तोच शब्द म्हणजे पाव, असे तीन अर्थ होतात. उत्तरेकडील आणि मध्य पेरूतील बहुतेक बोलींत या तीन मालिका नाहीत.

भाषेच्या शब्दसंपदेत डोंगरी शेतीसमाजाची सगळी रीत साठलेली आहे. सामाईक जमीन आणि नातेसंबंध यांनी बांधलेला गावसमूह तो 'आय्लु'. आज एका घराच्या शेतावर राबायचे आणि उद्या त्या घराने परतफेड म्हणून आपल्या शेतावर राबायचे ती 'आय्नी', जिला मराठी खेड्यांत सावड म्हणतात. आणि यजमानाने जेवूखाऊ घालून साऱ्या गावाकडून करून घेतलेले काम ती 'मिंका', जिचे इर्जिकेशी जवळचे साम्य आहे. या भाषेचे काही शब्द जगभर गेले. लामा, प्यूमा, काँडोर, कोका, किनवा हे शब्द तिचेच होत. हिवतापावरील ज्या औषधाला महाराष्ट्रात एके काळी सर्रास कोयनेल म्हणत, त्या क्विनाइनचे नावही अँडीजमधील सालीच्या 'किना' या नावावरून आल्याचे मानले जाते. बटाटा हे पीकही अँडीजचेच असून त्याचे क्वेचुआ नाव 'पापा' आहे. मराठीत आलेले 'बटाटा' हे नाव मात्र कॅरिबियन बेटांवरील भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आले.

साम्राज्याची भाषा, धर्मप्रसाराची भाषा

पंधराव्या शतकात इंकांनी 'तावान्तिनसुयु', म्हणजे चार भागांचे एकत्र राज्य, उभारले तेव्हा क्वेचुआ आधीच व्यवहाराची भाषा म्हणून दूरवर पोहोचलेली होती. इंकांनी तिला कारभाराची भाषा केले आणि जिंकलेल्या मुलुखांत वसाहती वसवताना तिचा आणखी प्रसार केला. या राज्यात लिपी नव्हती. हिशोब आणि नोंदी 'खिपु' या गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या साधनाने दशमान पद्धतीने ठेवल्या जात. 1532 मध्ये काहामार्का येथे स्पॅनिशांनी इंका राजा आताहुआल्पा याला कैद केल्यावर हे राज्य कोसळले, परंतु भाषा कोसळली नाही. उलट पुढील शंभर वर्षांत ती अधिक पसरली.

याचे कारण धर्मप्रसाराच्या धोरणात होते. डोंगरी प्रदेशात असंख्य लहानमोठ्या भाषा असताना प्रत्येक भाषेत उपदेश करणे अशक्य आहे हे ओळखून चर्चने क्वेचुआला 'सर्वसाधारण भाषा' म्हणून पुढे केले. दोमिंगो दे सांतो तोमास या डोमिनिकन धर्मगुरूने 1560 मध्ये स्पेनमधील व्हायादोलिद येथे तिचे पहिले व्याकरण आणि शब्दसंग्रह छापले. लीमा येथील तिसऱ्या धर्मपरिषदेने तयार करवलेली, स्पॅनिश, क्वेचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांतील धर्मशिक्षणाची पुस्तिका 1584 मध्ये लीमा येथे छापली गेली; दक्षिण अमेरिकेत छापलेले ते पहिले पुस्तक होय. सान मार्कोस विद्यापीठात 1579 मध्ये क्वेचुआचे अध्यासन सुरू झाले, आणि दिएगो गोन्सालेस ओल्गीन या जेझुइटाने 1607 मध्ये कुस्को बोलीचे व्याकरण व 1608 मध्ये मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला.

हाच काळ गोव्याच्या भाषिक इतिहासातही महत्त्वाचा आहे. 1580 ते 1640 या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजमुकुटाखाली होते, आणि त्याच काळात 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये क्रिस्तपुराण छापले व कोकणीचे व्याकरण लिहिले, जे 1640 मध्ये प्रकाशित झाले. अँडीज आणि गोवा येथील या ग्रंथांमागे लोकांच्याच भाषेतून धर्म पोहोचवण्याचा एकच विचार होता, आणि दोन्हीकडे त्याचा शेवटही सारखाच झाला : गोव्यात 1684 च्या फर्मानाने कोकणीवर बंदी आली, आणि स्पॅनिश अमेरिकेत 1770 मध्ये तिसऱ्या कार्लोस राजाने देशी भाषा संपवून सर्वत्र केवळ स्पॅनिशच चालावी, असा हुकूम काढला. जोपर्यंत भाषा लोकांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग होती तोपर्यंत तिची व्याकरणे छापली गेली. ती लोकांची स्वतःची शक्ती होऊ लागताच तिचे भय वाटू लागले.

देशी माणसांनी लेखणी हाती घेतल्यावर काय घडू शकते, याची दोन उदाहरणे त्याच काळात मिळतात. लीमाजवळच्या उआरोचिरी प्रदेशातील देवदेवतांच्या कथा 1608 च्या सुमारास क्वेचुआमध्ये लिहून काढण्यात आल्या. स्थानिक धर्म मोडून काढण्याच्या हेतूने फ्रान्सिस्को दे आविला या धर्मगुरूने हे काम करवून घेतले होते, परंतु त्यामुळेच अँडीजमधील प्राचीन श्रद्धांचा, तेथल्या लोकांच्याच भाषेतील, सर्वांत मोठा दस्तऐवज जगाच्या हाती आला. दुसरे उदाहरण फेलिपे गुआमान पोमा दे आयाला यांचे. त्यांनी 1615 च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून सुमारे बाराशे पृष्ठांचे, शेकडो चित्रांनी सजवलेले आणि क्वेचुआ मजकूर जागोजागी गुंफलेले निवेदन लिहिले, त्यात वसाहतीच्या राज्यकारभारातील अत्याचारांचा पाढा वाचला आणि सुराज्य कसे असावे हे सुचवले. राजाच्या वाचनात ते आल्याची खूण नाही. 1908 मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात ते अभ्यासकांच्या नजरेस पडले.

उठाव आणि मौन

पोतोसीच्या चांदीच्या खाणींत राबण्यासाठी गावोगावच्या पुरुषांना पाळीपाळीने नेणारी 'मिता' ही सक्तीची पद्धत आणि अधिकाऱ्यांनी लादलेली सक्तीची खरेदी यांविरुद्ध 1780 मध्ये होसे गाब्रिएल कोंदोरकान्की यांनी, दुसरा तुपाक आमारू हे नाव धारण करून, दक्षिण अँडीजमध्ये मोठा उठाव केला. 18 मे 1781 रोजी कुस्कोच्या चौकात त्यांना, त्यांच्या पत्नी मिकाएला बास्तिदास यांना आणि निकटवर्तीयांना क्रूरपणे मारण्यात आले. त्या निकालपत्राने केवळ माणसांना शिक्षा दिली नाही. इंका पद्धतीचा पोशाख, शंखवादन, पूर्वजांची स्मृती जागवणारी नाटके यांवर त्याने बंदी घातली आणि स्पॅनिश शिकण्याची सक्ती केली. या उठावानंतर इंका गार्सिलासो दे ला व्हेगा यांच्या इंका इतिहासावरील ग्रंथाचा प्रसार रोखण्यात आला आणि सान मार्कोसमधील क्वेचुआचे अध्यासनही बंद पडले. क्वेचुआ जाणणारा सुशिक्षित सरदारवर्ग यातून संपला आणि भाषा शेतकऱ्यांपुरती, म्हणजे सत्तेच्या दृष्टीने अदृश्य अशा लोकांपुरती, उरली.

एकोणिसाव्या शतकात देश स्वतंत्र झाले तरी हे चित्र पालटले नाही. साक्षरता ही मतदानाची अट झाली, आणि साक्षरता म्हणजे स्पॅनिशमधील साक्षरता असल्यामुळे क्वेचुआभाषकांतील फार मोठा वर्ग राजकारणाबाहेर राहिला. बोलिव्हियात 1952 च्या क्रांतीनंतर ही अट गेली. पेरू आणि इक्वेडोरमध्ये निरक्षरांना मताधिकार मिळण्यास 1970 च्या दशकाचा शेवट उजाडावा लागला. मोठ्या जमीनदारांच्या हासियेंदांवर कुळे म्हणून राबणाऱ्या या माणसांना 'इंदिओ' या शब्दाने हिणवले जाई, आणि त्यांची भाषा हीच त्यांच्या हीनत्वाची खूण मानली जाई. इक्वेडोरमध्ये दोलोरेस काकुआंगो या स्वतः शाळेत न गेलेल्या किच्वा नेत्या स्त्रीने 1940 च्या दशकात काय्याम्बे भागात मुलांना त्यांच्या भाषेत शिकवणाऱ्या शाळा सुरू केल्या, हे या अंधाऱ्या काळातील मोलाचे अपवादात्मक कार्य होय.

पेरूच्या साहित्यात हा दुभंग होसे मारिया आर्गेदास (1911–1969) यांनी सर्वांत खोलवर मांडला. बालपणी घरातील क्वेचुआभाषक नोकरमाणसांच्या सहवासात वाढलेल्या या लेखकाने 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'खोल नद्या' या अर्थाच्या नावाच्या कादंबरीत स्पॅनिश वाक्यांत क्वेचुआची लय आणली, क्वेचुआत कविता लिहिल्या आणि 1966 मध्ये उआरोचिरी हस्तलिखिताचा स्पॅनिश अनुवाद केला. क्वेचुआ ही भूतकाळाची वस्तू नसून आधुनिक जग सांगू शकणारी जिवंत भाषा आहे, हे त्यांनी आपल्या लेखनातूनच सिद्ध केले.

कायद्याने दिलेला मान

जनरल हुआन वेलास्को आल्वारादो यांच्या लष्करी राजवटीने 1969 मध्ये जमीन सुधारणा कायदा करून हासियेंदा मोडल्या आणि 27 मे 1975 रोजी क्वेचुआला स्पॅनिशच्या बरोबरीने पेरूची राजभाषा म्हणून घोषित केले. अमेरिका खंडात एखाद्या देशी भाषेला असा संपूर्ण राष्ट्रीय दर्जा मिळण्याच्या आरंभीच्या घटनांपैकी ही एक होय. 1976 मध्ये सहा प्रादेशिक बोलींची व्याकरणे आणि शब्दकोश प्रसिद्ध झाले, आणि क्वेचुआ एकच नसून अनेक रूपांत नांदते ही गोष्ट शासनाने प्रथमच मान्य केली. तोपर्यंत वेलास्को सत्तेवरून गेले होते. न्यायालयात क्वेचुआ चालेल, शाळांत ती शिकवली जाईल, ही आश्वासने मागे पडली, आणि 1979 व 1993 च्या राज्यघटनांनी तिचा दर्जा जिथे तिचे प्राबल्य आहे त्या प्रदेशांपुरता मर्यादित केला. 2011 च्या देशी भाषाविषयक कायद्याने भाषकांचे हक्क पुन्हा स्पष्ट केले. इक्वेडोरच्या 2008 च्या राज्यघटनेने किच्वा आणि शुआर या भाषांना आंतरसांस्कृतिक व्यवहाराच्या अधिकृत भाषा म्हटले आणि 'सुमाक काव्साय', म्हणजे निसर्गाशी व माणसांशी मेळ राखून चांगले जगणे, ही किच्वा संकल्पना घटनेत घेतली. बोलिव्हियाच्या 2009 च्या घटनेने स्पॅनिशबरोबर 36 देशी भाषांना अधिकृत मानले.

लेखनपद्धतीच्या प्रश्नात मात्र बरीच शक्ती खर्ची पडली. 1985 मध्ये पेरूने अधिकृत केलेली वर्णमाला अ, इ, उ या तीन स्वरांची आहे, कारण ए आणि ओ हे उच्चार पडजिभेजवळच्या व्यंजनाच्या सान्निध्यात आपोआप उमटतात, असे भाषाशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. कुस्को येथील क्वेचुआ अकादमी पाच स्वरांचा आग्रह धरते. दोन्ही बाजूंनी भाषेच्या प्रेमापोटी लिहिले गेले, परंतु एकाच भाषेची पाठ्यपुस्तके दोन पद्धतींनी छापली गेल्यामुळे शिक्षक आणि मुले यांचा गोंधळ उडाला.

कायदा आणि वास्तव यांतील दरी

कायदा कागदावर असताना माणसांचे काय झाले, याचे सर्वांत दाहक उत्तर 1980 ते 2000 या काळातील पेरूच्या अंतर्गत संघर्षात सापडते. 'शायनिंग पाथ' ही माओवादी संघटना आणि शासनाची सुरक्षा दले यांच्या हिंसाचारात सुमारे 69 हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली, असा अंदाज सत्य व सलोखा आयोगाने 2003 मधील अहवालात मांडला. आणि बळी पडलेल्यांपैकी दर चारांतील तिघांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी एखादी देशी भाषा होती, असे त्यात नोंदवले. त्या काळच्या जनगणनेनुसार अशा भाषकांचे देशातील प्रमाण जेमतेम एक षष्ठांश होते. एवढा मोठा संहार राजधानीच्या लक्षात येण्यास दोन दशके लागली, कारण मरणारी माणसे ज्या भाषेत आक्रोश करत होती ती भाषा ऐकण्याची राज्याला सवय नव्हती. 2002 मध्ये आयाकुचो येथे आयोगाच्या सार्वजनिक सुनावणीत अनेक स्त्रियांनी क्वेचुआमध्ये साक्ष दिली. 'मी पाहिले' असे सांगणारा प्रत्यय ज्या भाषेच्या व्याकरणात आहे, त्या भाषेला अखेर साक्षीचे स्थान मिळाले. त्याच संघर्षकाळाच्या उत्तरार्धात, 1996 पासून, शासनाच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात अडीच लाखांहून अधिक स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत ग्रामीण, क्वेचुआभाषक स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि त्यांतील अनेकींना काय होत आहे हे त्यांच्या भाषेत सांगितले गेले नव्हते.

लोकप्रतिनिधींच्या सभागृहातही हीच दरी दिसते. 2006 मध्ये हिलारिया सुपा आणि मारिया सुमिरे या कुस्कोच्या प्रतिनिधींनी क्वेचुआमध्ये शपथ घेतली तेव्हा त्यावर वाद झाला. आणि 2021 मध्ये पंतप्रधान गिदो बेय्यिदो यांनी संसदेत क्वेचुआमध्ये भाषण सुरू केले असता सभागृहातून आक्षेप घेण्यात आले व त्यांना अनुवाद करण्यास सांगण्यात आले. राजभाषेची घोषणा होऊन तेव्हा 46 वर्षे झाली होती.

नवी पावले आणि खालावणारा वारसा

अलीकडच्या वर्षांतील काही घडामोडी आशादायक आहेत. डिसेंबर 2016 मध्ये पेरूच्या सरकारी दूरचित्रवाणीवर 'न्युकान्चिक' हे क्वेचुआ बातमीपत्र सुरू झाले, आणि त्यासाठी ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' हेच नाव निवडले गेले. 2019 मध्ये रोक्साना किस्पे कोय्यान्तेस यांनी सान मार्कोस विद्यापीठात संपूर्णपणे क्वेचुआत लिहिलेला पीएच.डी. प्रबंध मांडला. जिथे 1579 मध्ये धर्मोपदेशकांना क्वेचुआ शिकवण्यासाठी अध्यासन निघाले होते, तिथेच 440 वर्षांनी क्वेचुआ ही संशोधनाची भाषा झाली. रेनाता फ्लोरेस आणि लिबेरातो कानी यांच्यासारखे तरुण कलावंत या भाषेत पॉप आणि रॅप गातात. 2022 मध्ये गूगलच्या अनुवाद सेवेत 24 नव्या भाषांची भर पडली, त्यांत क्वेचुआ आणि कोकणी या दोन्ही भाषा होत्या.

तरीही घरातून घरात भाषा पोहोचण्याची साखळी ठिकठिकाणी तुटते आहे. 1940 च्या जनगणनेत पेरूची जवळजवळ निम्मी लोकसंख्या देशी भाषा बोलत होती. त्यानंतर शेती सोडून किनाऱ्यावरील शहरांकडे झालेल्या स्थलांतरामुळे लीमा हे आज लाखो क्वेचुआभाषकांचे शहर झाले आहे, परंतु तिथे वाढणाऱ्या मुलांशी आईवडील बहुधा स्पॅनिशच बोलतात. हा त्यांचा भाषेविषयीचा अनास्थाभाव मानणे अन्यायाचे होईल. ज्यांनी शाळेत, दवाखान्यात आणि कचेरीत आपल्या उच्चारांवरून अपमान सोसला, ते तो अपमान मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून भाषा आवरती घेतात. द्विभाषिक शिक्षणही बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही वर्षांपुरते असते आणि त्यात क्वेचुआ ही स्पॅनिशकडे नेणारी पायरी ठरते. शहरांतील शाळांत तर ते फारसे पोहोचलेलेच नाही.

निष्कर्ष

पेरूच्या 2017 च्या जनगणनेत 12 वर्षांवरील सुमारे 51 लाख 77 हजार लोकांनी आपण क्वेचुआ समाजाचे आहोत असे नोंदवले. त्याच जनगणनेत 5 वर्षांवरील सुमारे 37 लाख 36 हजार लोकांनीच क्वेचुआ ही आपली मातृभाषा असल्याचे सांगितले. दुसऱ्या मोजणीत लहान मुलेही धरलेली असताना आकडा चौदा लाखांहून अधिक कमी भरतो. आपण कोण आहोत हे अभिमानाने सांगणारी, परंतु ते सांगण्याची भाषा गमावलेली माणसे या अंतरात उभी आहेत.

इंकांनी क्वेचुआला राज्य दिले, चर्चने ग्रंथ दिले, लष्करी राजवटीने राजभाषेचा दर्जा दिला आणि आधुनिक घटनांनी कलमे दिली. यातील एकही देणगी निरुपयोगी नाही, परंतु प्रत्येक वेळी ती वरून आली आणि तिच्या केंद्रस्थानी बोलणारा माणूस नव्हता. म्हणून क्वेचुआच्या भवितव्याची कसोटी शब्दकोशांची जाडी किंवा घटनेतील कलमे ही असू शकत नाही. डोंगरातून शहरात आलेल्या स्त्रीला डॉक्टरांशी, न्यायाधीशांशी आणि आपल्या नातवाच्या शिक्षकांशी रुनासिमीत बोलता यावे, आणि तसे बोलल्यामुळे कोणासमोरही तिची मान खाली जाऊ नये, हीच ती कसोटी होय. आणि या कसोटीला पेरू, बोलिव्हिया व इक्वेडोर यांपैकी एकही देश अजून पूर्णपणे उतरलेला नाही.